शिंगीचा काटा

विषारी मासा म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो, आणि समुद्रातही प्रवाळांचे खडक. त्या खडकांत पाषाणमासा नावाचा एक विलक्षण जीव असतो. अंगावर चामखिळीसारखे उंचवटे, रंग शेवाळलेल्या धोंड्याचा, आणि स्वभाव असा की तासन् तास जागचे हलावयाचे नाही. त्याच्या पाठीवर तेरा काटे असतात व प्रत्येक काट्याच्या दोन्ही अंगांस विषाची एकेक पिशवी असते. उथळ पाण्यातून चालणाऱ्या मनुष्याचा पाय नकळत त्याच्यावर पडला की पायाच्याच भाराने काट्यावरील कातडे मागे सरते, पिशवी दाबली जाते आणि विष काट्यावरच्या पन्हळीतून थेट मांसात उतरते. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत त्याचा संचार आहे. आपल्या देशात अंदमानच्या प्रवाळभूमीवरही तो आढळतो. त्याच्या विषावर ऑस्ट्रेलियात १९५९ साली घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार करण्यात आले. एका माशासाठी मुद्दाम औषध निर्माण करावे लागले, यावरूनच त्याच्या काट्याची वेदना काय असेल याची कल्पना यावी.

आदिलाबाद जिल्ह्यातील मनुष्याला हे सारे परमुलुखीचे वर्तमान वाटणे साहजिक आहे. पूर्वेचा समुद्र घ्या की पश्चिमेचा, तो येथून शेकडो किलोमीटर दूर. येथली जमीन काळी, पीक कापसाचे, आणि पाणी म्हणाल तर उत्तरेच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेचे, तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे व गावोगावच्या तळ्यांचे. नदीच्या अलीकडे बेला, जैनथ ही मंडले, पलीकडे यवतमाळ जिल्हा. मध्ये राज्याची सीमा. १९५६ साली भाषावार रचना झाली तेव्हा निजामाच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके निघून मराठी मुलुखात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. परंतु नदीकाठच्या घरांतून मराठी तशीच चालू आहे, आणि नदीतील माशांना तर कोणत्याच सरकारची सीमा कधी लागू झाली नाही. पाषाणमासा येथे नाही हे खरे. पण विषारी काट्याचा मासा येथे नाही, असे मात्र कोणी समजू नये. तो गावच्या तळ्यात आहे, पावसाळ्यात बांधावरून वाहणाऱ्या पाण्यात आहे, आणि बाजाराच्या दिवशी मडक्यात जिवंत वळवळताना पुष्कळांनी पाहिलेलाही आहे. त्याचे नाव शिंगी.

शिंगी दिसावयास मोठी देखणी नव्हे. लांबट, चपट्या डोक्याची, खवले नसलेली, काळसर किंवा तांबूस तपकिरी रंगाची; तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या; पाठीवरचा पर अगदी आखूड आणि पोटाखालचा मात्र शेपटीपर्यंत लांबलेला. पूर्ण वाढलेली शिंगी वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक भरते. शास्त्रीय जगात तिची प्रथम नोंद केली बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लोख यांनी, १७९४ साली. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील माशावरून त्यांनी तिचे वर्णन लिहिले.

तिच्या शरीरातील एक सोय मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कल्ल्यांच्या पोकळीपासून निघून शेपटीच्या दिशेने पाठीच्या स्नायूंत शिरलेल्या दोन लांब पिशव्या तिला असतात. त्यांचा उपयोग फुप्फुसांसारखा होतो. पाणी कुजले, त्यातील प्राणवायू संपला, तरी शिंगी पृष्ठावर येऊन हवा घेते आणि तगून राहते. वैशाखात तळे आटून चिखल तेवढा उरतो, रोहू-कटला केव्हाच मरून गेलेले असतात, तेव्हाही चिखलात शिंगी जिवंत सापडते. म्हणून ती जिवंत विकता येते. बंगाल-आसामकडे आजारातून उठलेल्या माणसाला शिंगीचे कालवण देण्याची रीत आहे, ती याच ताजेपणामुळे आणि तिच्या मांसातील लोहामुळे. म्हणजे जो मासा दुखणेकऱ्याचे पथ्य, तोच मासा धडधाकट माणसाला रडवणारा. सृष्टीला असल्या विसंगतींचे काही वाटत नाही.

आता तिच्या शस्त्राकडे वळावयाचे. छातीच्या दोन्ही बाजूंस जे पर असतात त्यांच्या पुढच्या कडेला एकेक भक्कम, टोकदार हाड असते. काटा म्हणतात तो हाच. त्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. धोका वाटताच शिंगी हे दोन्ही काटे अंगाशी काटकोनात ताठ करते आणि सांध्यात ते असे अडकवून ठेवते की बाहेरून ओढूनही सहज मिटत नाहीत. बगळ्याच्या घशात शिरलेली शिंगी कित्येकदा अशीच बचावत असेल. काट्यावरून जे पातळ कातडे असते त्यात विषाच्या पेशी असतात. सापाच्या दातासारखी येथे नळी नाही, चावा नाही, की कोणावर सूड उगवण्याची बुद्धी नाही. काटा मांसात घुसतो, कातडे फाटते, पेशी फुटतात आणि विष जखमेत पसरते. दाते परत निघताना मांस आणखी फाडतात. पाषाणमाशाची यंत्रणा यापेक्षा पुष्कळ अधिक परिपूर्ण आहे आणि त्याचे विषही कितीतरी जालीम आहे. पण तत्त्व दोहोंचे एकच, आणि विषाचा प्रकारही सामान्यतः एकच: दोन्ही मुख्यत्वे प्रथिनांची बनलेली, उष्णता न सोसणारी. या शेवटच्या गोष्टीला पुढे महत्त्व येणार आहे.

काटा लागतो कोणाला? बहुधा तीन प्रकारच्या माणसांना. पहिला मासेमार. मराठी बाजूचा भोई असो की तेलंगणातील बेस्ता वा मुदिराज, त्याला शिंगी कशी धरावी हे लहानपणापासून ठाऊक असते. तरीही जाळे काढताना रात्रीच्या अंधारात हात चुकतोच. तेलंगण सरकारने २०१५ मध्ये जुन्या तळ्यांतील गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आणि २०१६ पासून तळ्यांत माशांचे बीज सोडण्याची योजना सुरू केली. सोडले जाते ते रोहू, कटला, मृगळ यांचे बीज. जाळे टाकले जाते तेही त्यांच्यासाठी. शिंगीला कोणी बोलावलेले नसते. ती आपली आपण येते आणि जाळ्याच्या तळाशी चिखलाच्या लोळात दडून राहते.

दुसरी घरातील गृहिणी. मासा मेला म्हणजे त्याचे विष मेले, ही समजूत चुकीची आहे. मेलेल्या शिंगीचा काटाही टोचतो आणि ठणका लावतो. म्हणून अनुभवी विक्रेते गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी काटे मोडून टाकतात. जेथे ते मोडलेले नसतील तेथे मासा साफ करण्याआधी मोडून घ्यावेत, आणि तेही बोटांनी नव्हे, पक्कडीने किंवा सुरीच्या पाठीने. शिजवलेल्या माशाला मात्र भिण्याचे कारण नाही. विष मांसात नसतेच, आणि काट्यावर जे असते ते चुलीवर टिकत नाही.

तिसरी आणि सर्वांत काळजीची मंडळी म्हणजे मुले. उन्हाळ्याच्या सुटीत तळ्याचे पाणी गुडघ्याखाली आले की गावातील पोरे त्यात उतरतात आणि चिखलात दोन्ही हातांनी चाचपून मासे धरतात. हा खेळ फार जुना आहे आणि तो बंद करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. या मुलांना निळा देवमासा किती लांब असतो हे पाठ असते; आपल्या तळ्यातल्या शिंगीची ओळख मात्र ताटापुरतीच असते. काटा लागला की मूल किंचाळत बाहेर येते. मग जे काही घडते त्यात कित्येकदा शिंगीपेक्षा मोठ्या माणसांचाच उपद्रव अधिक होतो.

काय काय केले जाते ते पाहावे. हाताला किंवा पायाला दोरीने करकचून बांधतात. जखमेवर पात्याने चीर देतात. तोंडाने रक्त ओढून काढतात. चुना, तंबाखू, रॉकेल, डिझेल, जे हाताशी असेल ते चोळतात. अलीकडे सुशिक्षित घरांतून बर्फ लावला जातो. आणि मंत्र घालणारा तर कोठेही मिळतो. यांपैकी बांधण्याने अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो, चीर दिल्याने लहान जखम मोठी होते, रॉकेलने कातडी जळते, तोंडाने ओढल्याने जखमेत नवीन जंतू जातात. बर्फाने माशाच्या विषाची वेदना सहसा हटत नाही. मांत्रिकाची गोष्ट निराळी. त्याचा मंत्र लागू पडतो असे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. कारण शिंगीचा ठणका बहुधा काही तासांनी आपोआपच ओसरू लागतो. मंत्र घालणारा सायंकाळी येतो, ठणका पहाटे उतरतो, आणि श्रेय ज्याने त्याने ज्याला त्याला द्यावे.

वेदना किती असते? टोचताक्षणी निखारा ठेवल्यासारखी आग होते. भोवती लाली व सूज येते, रक्त वाहते, आणि कळ हातातून खांद्यापर्यंत किंवा पायातून जांघेपर्यंत चढते. काहींना घाम फुटतो, मळमळते, घेरी येते. बहुतेक निरोगी माणसांच्या बाबतीत जिवाला धोका नसतो. हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण भीतीने अर्धमेले झालेल्या मुलाला पहिले औषध हेच आहे.

दुसरे औषध प्रत्येक घरात आहे. ते म्हणजे गरम पाणी. माशांचे विष उष्णतेने बिघडते ही गोष्ट मागे आलीच आहे. पाषाणमाशाच्या काट्यावर ऑस्ट्रेलियातील डॉक्टर प्रथम जो उपाय करतात, तोच उपाय शिंगीच्या काट्याला चालतो: जखमी अवयव सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवणे. पाण्याची उष्णता ४५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, आणि अवयव अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, म्हणजे ठणका थांबेपर्यंत, त्यात ठेवावा. खोल गेलेले विष एवढ्या उष्णतेने खरोखरच नष्ट होते की उष्णतेमुळे वेदनेची जाणीव दबते, याविषयी जाणकारांत मतभेद आहे. रुग्णाला मात्र उतार पडतो, बहुधा लवकरच पडतो, आणि रुग्णालयांचा अनुभव याच बाजूचा आहे.

आता खेड्यातील घरात उष्णतामापक कोठून आणावयाचा? साधा हिशेब असा. हिवाळ्या-पावसाळ्यात घड्यातील पाणी साधारणतः २७ अंशांचे धरले, तर एक तांब्या उकळते पाणी आणि तीन तांबे घड्यातील पाणी मिळून होणारे मिश्रण ४५ अंशांच्या आसपास येते. उन्हाळ्यात पाणी मुळातच तापलेले असते, तेव्हा तीनऐवजी चार तांबे घ्यावेत. पण हिशेबावर विसंबून राहू नये. आधी दुसऱ्या धडधाकट माणसाने आपला हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घालून पाहावा. त्याला तो निवांतपणे ठेवता आला तरच रुग्णाचा पाय आत घालावा. रुग्णाच्या सांगण्यावर जाऊ नये. ठणक्याने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, आणि मधुमेही माणसाच्या पायाला तर तो एरवीही कळत नाही. माशाच्या काट्यावर उपाय करता करता पाय भाजून निघाल्याची उदाहरणे डॉक्टरांना पाहावी लागतात. पाणी निवले म्हणजे पाय बाहेर काढून मगच नवीन गरम पाणी मिसळावे.

गरम पाण्यापूर्वी दोन कामे करावयाची असतात. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, तळ्याच्या पाण्याने नव्हे. आणि काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर चिमट्याने काढावा. आत खोल असेल तर उकरू नये. सांध्यात किंवा तळव्यात मोडून राहिलेला काटा क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतो आणि डॉक्टर तो नीट काढतात. तो आत राहिला तर जखम वरून भरते, आतून चिघळते, आणि दोन महिन्यांनी बोट आखडल्याची तक्रार घेऊन माणूस दवाखान्याच्या पायरीवर येतो.

कारण शिंगीच्या काट्याची खरी आपत्ती कित्येकदा पहिल्या दिवशी नसतेच. ठणका गेला, माणूस कामाला लागला, आणि तिसऱ्या दिवशी हात लाल होऊन टरारला, ताप भरला. आटलेल्या तळ्याच्या पाण्यात गुरे डुंबतात, कपडे धुतले जातात, पालापाचोळा कुजतो. त्या पाण्यातील जंतू काट्याबरोबर मांसात खोल गेलेले असतात. भोक बारीक असल्याने ते वरून लगेच मिटते आणि आतील घाण आतच राहते. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांना असा संसर्ग फार महागात पडू शकतो. धनुर्वाताची भीती तर जुनीच आहे. तेव्हा ठणका थांबला तरी धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही याची चौकशी करावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जखम दाखवून यावे. काटा छातीला, पोटाला किंवा मानेला लागला असेल, श्वास लागत असेल, चेहरा सुजत असेल, किंवा सूज वाढतच असेल, तर गरम पाण्याचा प्रयोग करीत बसण्याची ती वेळ नव्हे. आदिलाबाद शहरात राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे; लोक त्याला रिम्स म्हणतात. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावता येते, सीमेच्या दोन्ही बाजूंस.

जखम कोठे आहे याला किती महत्त्व असते हे एका जगप्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने दाखवून दिले. ऑस्ट्रेलियाचे प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी क्वीन्सलंडच्या बॅट प्रवाळखडकाजवळ उथळ समुद्रात पोहत असता पाकट माशाच्या शेपटीचा काटा त्यांच्या छातीत घुसला. पाकटाचा तोच काटा पायाला लागलेली माणसे आमच्या कोकणपट्टीत पुष्कळ आहेत. वसईच्या किनाऱ्यावरचा कोळी पाकट जाळ्यात आले की आधी शेपटीचा बंदोबस्त करतो, मग बाकीच्या मासळीकडे पाहतो. मुंबईला सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांच्या पायांना पाकटांचे काटे लागले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. ते सारे बचावले. पायाला लागलेला काटा आणि छातीत घुसलेला काटा यांत एवढे अंतर आहे.

आता या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न राहिला. गढूळ पाण्यात पायाला काहीतरी टोचले, रक्त आले, आग होऊ लागली; मासा कोणी पाहिला नाही. तो शिंगीचा काटा होता, की सापाचा दंश? समुद्रकिनारी हा प्रश्न सहसा पडत नाही. आदिलाबादच्या शेतबांधावर, पावसाळ्यातील सांजवेळी, तो पडतो, आणि त्याच्या उत्तरावर जीव अवलंबून असतो. या भागात नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही आहेत. पाण्याच्या कडेला पाणदिवड असते. ती चावते पण बिनविषारी असते.

पुष्कळ जाणते लोक सांगतात की वेदनेवरून ओळख पटते: आग झाली तर मासा, आग नाही तर साप. हा नियम अर्धाच खरा आहे आणि म्हणून पूर्ण असत्यापेक्षा अधिक घातक आहे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही हे बरोबर. परंतु घोणसीच्या दंशाने भयंकर आग होते आणि सूजही येते, अगदी शिंगीच्या काट्यासारखी. भोक एक की दोन, यावरूनही निर्णय लागत नाही. सापाचा एकच दात लागू शकतो आणि शिंगीचे दोन्ही काटेही टोचू शकतात. सापाच्या विषावर गरम पाण्याचा काडीचा उपयोग नाही. तेथे एकच उपाय, तो म्हणजे रुग्णालयातील प्रतिविष, आणि त्या बाबतीत गेलेली प्रत्येक घटका नुकसानीची असते. उलटपक्षी सापाचे प्रतिविष शिंगीवर चालत नाही. आपल्या देशात बनणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव याच कामामुळे घरोघरी पोचले आहे. शिंगीसाठी असे कोणतेही प्रतिविष नाही, आणि सुदैवाने त्याची गरजही पडत नाही.

तेव्हा मासा डोळ्यांनी पाहिला असेल, जाळ्यात किंवा हातात असेल, तरच तो शिंगीचा काटा समजून गरम पाणी तापवावे. पाहिला नसेल तर साप समजावे. रुग्णाला चालवू नये, अवयव हलू देऊ नये, बांधू नये, कापू नये, आणि थेट रुग्णालय गाठावे. तेथे गेल्यावर तो शिंगीचा काटाच निघाला तर फार तर चार लोक हसतील आणि गाडीभाड्याचे पैसे जातील. उलट चूक झाली तर हसण्यासारखे काही उरत नाही. रुग्णालयात डॉक्टर काही तास रुग्णाला नजरेखाली ठेवतात, रक्त गोठते की नाही हे पाहतात, पापण्या जड होतात का ते पाहतात. त्या तपासण्या घरी करता येण्यासारख्या नाहीत.

काटा लागूच नये म्हणून काय करावे, हे सांगण्यास फारसे अवघड नाही. पाळावयास अवघड आहे. चिखलात हाताने चाचपण्यापेक्षा टोपली किंवा लहान जाळे वापरावे. जाळे काठावर उपडे करून मग मासे निवडावेत, जाळ्यात हात घालून नव्हे. गाळात उतरताना जुने का होईना, पण जाड तळव्याचे पादत्राण पायांत असावे, आणि पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत पुढे सरकावे, म्हणजे तळाशी बसलेला मासा दबण्यापूर्वीच दूर होतो. हीच युक्ती पाकटाच्या किनाऱ्यावरही चालते. प्रवाळांवर तेवढीवर विसंबू नये. पाषाणमासा पायाच्या चाहुलीने सहसा जागचा हलत नाही, म्हणून सुटीत अंदमानला जाणाऱ्या मंडळींनी प्रवाळांवर पाय न ठेवणेच उत्तम, आणि उथळ पाण्यात उतरणे झालेच तर जाड तळव्याची पादत्राणे घालून, पुढचे पाऊल कोठे पडते ते पाहून उतरावे. आजकाल हिरव्या पाण्याचे छायाचित्र काढण्याच्या नादात अनवाणी उतरणारे पुष्कळ असतात.

महामार्ग क्रमांक ४४ जेथे पैनगंगा ओलांडतो, तेथे पुलाखालच्या पाण्यात उन्हाळ्यात लहान-लहान डोह उरतात. मासे धरणारी मुले कोणत्या बाजूची हे तेथे ओळखता येत नाही. भाषाही दोन्ही बाजूंच्या मिसळलेल्या असतात. काठावर कोठेतरी तीन दगडांची चूल असते, कारण धरलेले मासे तेथेच भाजून खावयाचे असतात. त्या चुलीवर एक पातेले पाणी आधीच तापत ठेवले, तर शिंगीचा काटा लागलेल्या मुलाला गावापर्यंत रडत न्यावे लागणार नाही.